हिवाळ्यात पुढचे लॉकिंग हब कसे वापरावेत

कॅनडातल्या कॅल्गरीत ऑक्टोबरमध्ये बर्फाची पहिली चाहूल लागली की मी अंगणात जातो, माझ्या जुन्या टोयोटा पिकअपच्या पुढच्या चाकांपाशी गुडघे टेकून बसतो आणि चाकाला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टशी जोडणाऱ्या किंवा मोकळे करणाऱ्या दोन्ही हबच्या तबकड्या ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवतो. त्यानंतर एप्रिल सरेपर्यंत त्या तबकड्यांना पुन्हा हात लावण्याची वेळ सहसा येत नाही. नव्याने जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घेतलेल्या अनेकांना ही सवय चुकीची वाटते. हब लॉक ठेवून कोरड्या रस्त्यावर गाडी चालवली तर काहीतरी तुटेल, अशी भीती त्यांच्या मनात असते. ही भीती दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केल्यामुळे निर्माण होते आणि त्या गल्लतीपायी माणसे नेमकी बर्फात अडकल्यावर, उणे २५ अंशांत, उघड्या बोटांनी तबकडी फिरवू पाहतात. म्हणून ही गल्लत आधी दूर करतो आणि मग कामाकडे वळतो.

हब आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर या दोन स्वतंत्र जोडण्या आहेत. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडण्याच्या, प्रकारच्या ट्रकमध्ये इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. लिव्हर टू-एचमध्ये असेल तर ती फक्त मागच्या चाकांकडे जाते आणि फोर-एच (चारही चाके, नेहमीचा वेग) किंवा फोर-एलमध्ये (चारही चाके, कमी वेग आणि जास्त जोर) टाकल्यावर पुढच्या प्रोपेलर शाफ्टलाही मिळते. तिथून ती पुढच्या डिफरन्शियलमध्ये (जोर डाव्या-उजव्या बाजूंत वाटणाऱ्या चक्रांमध्ये), डिफरन्शियलमधून डाव्या-उजव्या अ‍ॅक्सल शाफ्टमध्ये आणि शेवटी चाकात पोहोचते. हब म्हणजे या साखळीची शेवटची कडी होय. अ‍ॅक्सल शाफ्टचे टोक आणि चाक यांना जोडणे किंवा एकमेकांपासून मोकळे ठेवणे एवढेच त्याचे काम आहे. लिव्हर इंजिनाला पुढच्या भागाशी जोडतो आणि हब चाकाला पुढच्या भागाशी जोडतो. कोरड्या डांबरावर त्रास होतो तो दोन्ही जोडण्या एकाच वेळी केल्या तर. नुसते हब लॉक असतील आणि लिव्हर टू-एचमध्ये असेल, तर चाकांबरोबर अ‍ॅक्सल शाफ्ट, डिफरन्शियलची चक्रे आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरत राहतात, थोडे इंधन जास्त जळते आणि थोडी झीज होते. यापलीकडे कसलाही ताण कुठे साठत नाही.

लॉकिंग हब जन्माला आले तेच मुळी ही थोडीशी झीज टाळण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर विलीज जीपगाड्या मोठ्या संख्येने नागरी वापरात आल्या आणि त्या रस्त्यावर चालवताना पुढचा सगळा सरंजाम विनाकारण फिरत राहतो, ही अडचण लोकांना जाणवू लागली. आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सिअ‍ॅटलला सुरू केलेल्या कंपनीने अशा जीपगाड्यांसाठीच हब बनवायला सुरुवात केली आणि ‘वॉर्न’ हे नाव आजही हबच्या तबकडीवर दिसते. त्याच सुमारास मुंबईत महिंद्रानेही विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. त्यामुळे महाराष्ट्रातल्या ज्या घरांत जुनी फोर-बाय-फोर जीप होती, तिथल्या वडीलधाऱ्यांना या तबकडीची ओळख असण्याची बरीच शक्यता आहे.

आपल्या ट्रकला नेमके काय आहे?

पुढच्या चाकाच्या मध्यभागी पाहावे. तिथे बोटांनी फिरवता येईल अशी तबकडी असेल आणि तिच्यावर ‘फ्री’ व ‘लॉक’ अशा खुणा असतील, तर ते हाताने चालवायचे हब आहेत आणि हा लेख प्रामुख्याने त्यांच्याविषयी आहे. तबकडीवर ‘ऑटो’ आणि ‘लॉक’ असे शब्द असतील, तर ते बहुधा निर्वातावर चालणारे हब आहेत. फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकवर १९९९ पासून ते पाहायला मिळतात. डॅशबोर्डवरचे बटण फिरवल्यावर नळीतून हवा ओढली जाते आणि हब आपोआप जुळतो. ‘लॉक’ ही त्यातली हाताने वापरायची सोय आहे. तबकडी नसलेली गुळगुळीत टोपी दिसली, तर ट्रकला जुन्या पद्धतीचे स्वयंचलित हब असतील किंवा हब मुळीच नसतील. टोयोटाच्या काही पिकअपमध्ये आणि जनरल मोटर्सच्या १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या पिकअपमध्ये पुढचा भाग मोकळा करण्याची यंत्रणा चाकात नसून अ‍ॅक्सलमध्येच बसवलेली आहे. तशा ट्रकच्या मालकांना चाकापाशी जाऊन काही करावे लागत नाही.

हाताने चालवायच्या हबच्या आत दात्यांची एक कडी असते. अ‍ॅक्सल शाफ्टच्या टोकावर दातेरी चक्र बसवलेले असते आणि हबच्या बाहेरच्या कवचाच्या आतल्या बाजूलाही खाचा असतात. तबकडी ‘लॉक’वर फिरवली की ही कडी आत सरकते आणि चक्र व कवच या दोहोंना एकत्र धरते, तर ‘फ्री’वर फिरवली की ती मागे येते. बहुतेक चांगल्या हबमध्ये कडी थेट ढकलली जात नाही, तिच्यामागे स्प्रिंग असते. त्यामुळे तबकडी पूर्ण फिरली तरी दाते समोरासमोर आले नसतील तर कडी बाहेरच ताणून थांबते आणि चाक थोडे फिरून खाचा जुळल्या की आत बसते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढच्या बहुतेक सूचनांचे कारण आपोआप कळते.

थंडी येण्याआधीची तयारी

हबचे खरे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कोरड्या जमिनीवर आणि सुसह्य हवेत करून घ्यावे. उन्हाळाभर न फिरवलेली तबकडी जानेवारीत अडते ती दोन कारणांमुळे. एक तर आत पाणी शिरलेले असते. झिजलेल्या ओ-रिंगमधून (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीतून) किंवा फाटलेल्या गॅस्केटमधून ओढ्याचे, धुण्याचे किंवा वितळलेल्या बर्फाचे पाणी आत जाते आणि पहिल्या कडक रात्री कडीभोवती गोठते. दुसरे कारण म्हणजे चुकीचे ग्रीस. कोणीतरी चांगल्या हेतूने चाकाच्या बेअरिंगमध्ये भरायचे जाड ग्रीस हबमध्येही ठासून भरलेले असते. उणे ३० अंशांत ते मेणासारखे घट्ट होते आणि स्प्रिंगला कडी पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी तबकडी ‘लॉक’ दाखवते आणि हब मात्र मोकळाच असतो. माझ्या मते कमी ग्रीसपेक्षा जास्त ग्रीसने बिघडलेले हब अधिक असतात.

हब उघडणे अवघड नाही, फक्त घाई करू नये. टोयोटाच्या आयसिन हबचे उदाहरण घेऊ. तबकडी आधी ‘फ्री’वर आणावी आणि मगच टोपीचे सहा बोल्ट १० मिलिमीटरच्या सॉकेटने सोडवावेत. बोल्ट लहान आहेत आणि रस्त्यावरच्या मिठामुळे ते अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात चिकटलेले असतात. म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि बोल्ट फिरत नसेल तर त्यावर जोर काढण्याऐवजी पुन्हा तेल मारून थांबावे. टोपी बाहेर ओढली की तिच्याबरोबर कडी आणि स्प्रिंग येतात. सगळे भाग ब्रेक क्लीनरने धुऊन फडक्याने कोरडे करावेत आणि दात्यांच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात. दाते चौकोनी आणि धारदार असले पाहिजेत. गोल झालेले किंवा टवके उडालेले दाते म्हणजे कोणीतरी अर्धवट जुळलेल्या हबवर जोर दिल्याची खूण आहे. असा हब भर थंडीत दगा देण्याचा संभव असल्यामुळे तो आताच बदलावा.

कोरड्या भागांवर कमी तापमानासाठीच्या पातळ ग्रीसचा, बोटाला जेमतेम लागेल एवढाच, थर द्यावा. दात्यांवर आणि कडी ज्या खाचांतून सरकते तिथे तो पुरे होतो. मधली पोकळी रिकामीच ठेवावी. ओ-रिंग आणि गॅस्केट नवीन घालावेत. त्यांची किंमत इतकी थोडी आहे की जुनेच परत बसवण्यात काहीही अर्थ नाही. टोपी पुन्हा लावतानाही तबकडी ‘फ्री’वरच असावी आणि कडी सरकवणाऱ्या आतल्या पट्टीची टोके कवचाच्या दाते नसलेल्या जागांशी जुळवून घ्यावीत. ती जुळली नाहीत तर टोपी नीट टेकत नाही आणि ती बोल्ट आवळून खाली ओढण्याचा प्रयत्न केला की पट्टी वाकते. बोल्टच्या पेचांना ते चिकटू न देणारा लेप लावावा, बोल्ट तिरप्या क्रमाने आणि आपल्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत. अ‍ॅल्युमिनियममधले पेच फार लवकर झिजतात आणि एकदा झिजले की कवचच बदलावे लागते.

याच दिवशी पुढच्या चाकांच्या आतली रबरी बुटे, म्हणजे सांध्यांवरची आवरणे, तपासावीत. स्वतंत्र सस्पेन्शनच्या ट्रकमध्ये हब लॉक ठेवले की सीव्ही जॉइंट (शाफ्टचा वळू शकणारा सांधा) सतत फिरतो आणि बूट फाटलेला असेल तर आतले ग्रीस महिनाभरात उडून जाते. पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या सांध्याला) हात लावून खेळ आहे का तेही पाहावे. हब लॉक केल्यावर पहिल्यांदाच गाडीला थरथर जाणवली तर दोष बहुधा इथे असतो, हबमध्ये नसतो.

तबकडी फिरवताना

ट्रक सपाट जागी उभा करावा, लिव्हर टू-एचमध्ये ठेवावा, गिअर पार्कमध्ये किंवा पहिल्यात टाकून हातब्रेक ओढावा आणि इंजिन बंद करावे. मग तबकडी खुणेपर्यंत पूर्ण फिरवावी. अर्ध्यावर सोडू नये. अर्ध्यावर राहिलेली कडी दात्यांच्या टोकांवर टेकते, जोर आला की सटकते आणि प्रत्येक सटकण्यात थोडा धातू खरवडून निघतो. तबकडी हातमोजा घालून हातानेच फिरवावी. पक्कड किंवा पाइप पान्हा वापरू नये, कारण तबकडी अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची असते आणि थंडीत प्लॅस्टिक काचेसारखे तडकते. हाताने फिरत नसेल तर बहुधा शाफ्टमध्ये ताण अडकलेला असतो. अशा वेळी ट्रक एक-दोन मीटर मागे घ्यावा आणि पुन्हा प्रयत्न करावा.

एक बाजू झाली की लगेच दुसरी करावी. मग टू-एचमध्येच काही मीटर पुढे आणि काही मीटर मागे हळू चालवावे, म्हणजे थांबलेल्या कड्यांना खाचा सापडतील आणि त्या आत बसतील. कधी ‘टक’ असा हलका आवाज येतो, कधी येत नाही, म्हणून आवाजावर विसंबून राहू नये. खात्री हवी असेल तर, आणि ती वर्षातून एकदा तरी करून घ्यावीच, कोरड्या पक्क्या जमिनीवर मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून, पार्क आणि हातब्रेकसह, पुढचे एक चाक जॅकने उचलावे आणि हाताने फिरवावे. हब लॉक असेल तर चाकामागचा शाफ्ट चाकाबरोबर फिरताना दिसतो, फ्री असेल तर तो स्थिर राहतो किंवा ग्रीसच्या ओढीने किंचित हलतो. दोन्ही बाजू, दोन्ही स्थितींत पाहाव्यात. हे काम बर्फावर किंवा उतारावर कधीही करू नये आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये.

एकच हब लॉक राहिला तर

माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी कॅनमोरहून कनॅनस्किस तलावांकडे जाणाऱ्या स्मिथ-डोरियन या कच्च्या रस्त्याच्या कडेला, गुडघाभर भुसभुशीत बर्फात अडकलो होतो. फोर-एच टाकले, डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा लागला, मागचे एक चाक गरगर फिरले आणि ट्रक तसूभरही हलला नाही. पुढची दोन्ही चाके अगदी निश्चल होती. मी दोन्ही हब लॉक केले होते, असा माझा ठाम समज होता. प्रत्यक्षात उजव्या हबची तबकडी ‘लॉक’वर असूनही आतली कडी जाड ग्रीसमध्ये रुतून बसली होती. पाऊण तास फावडे चालवल्यावर सुटका झाली आणि त्या दिवसापासून ही गोष्ट मी भेटेल त्या नव्या मालकाला आवर्जून सांगतो.

कारण असे की साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते आणि तो जोर जी बाजू कमी विरोध करते तिच्याइतकाच असतो. एका बाजूचा हब मोकळा असेल तर त्या बाजूच्या शाफ्टला फिरायला काहीच विरोध नसतो. तो चाकाविना आतल्या आत भिरभिरतो आणि लॉक असलेल्या बाजूच्या चाकाला जवळपास शून्य जोर मिळतो. म्हणजे एक हब लॉक असणे हे पुढच्या चाकांना अर्धी शक्ती मिळणे नव्हे, ते काहीच न मिळण्यासारखे आहे. हिरवा दिवाही इथे मदत करत नाही, कारण हाताच्या हबच्या ट्रकमध्ये तो फक्त ट्रान्सफर केसची स्थिती सांगतो, हबविषयी त्याला काही ठाऊक नसते. शिवाय एकच हब लॉक ठेवून टू-एचमध्ये लांबचा प्रवास केला तर डिफरन्शियलमधली छोटी चक्रे, जी एरवी फक्त वळणावर थोडी फिरतात, ती अखंड वेगाने फिरत राहतात आणि झिजतात. त्यामुळे दोन्ही लॉक किंवा दोन्ही फ्री, यांशिवाय तिसरी स्थिती योग्य नाही.

हिवाळ्यातली पहिली बर्फवृष्टी झाली की एक सोपी चाचणी रिकाम्या, बर्फाच्छादित मोकळ्या जागेत करता येते. फोर-एच टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवावे आणि अगदी हळू चालवावे. दोन्ही हब खरोखर जुळलेले असतील तर गाडी अडखळत, ओढ घेत वळते आणि स्टिअरिंग जड लागते. काहीच जाणवले नाही तर खाली उतरून हब पाहावेत.

लिव्हर केव्हा आणि कसा

हब लॉक ठेवण्याचा मोठा फायदा इथे मिळतो. पुढचा प्रोपेलर शाफ्ट चाकांबरोबर आधीच मागच्या शाफ्टच्या गतीने फिरत असल्यामुळे, सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलून लिव्हर टू-एचमधून फोर-एचमध्ये चालत्या गाडीत टाकता येतो. किती वेगापर्यंत टाकता येतो ते आपल्या पुस्तिकेत दिलेले असते. मी स्वतः ताशी ५० किलोमीटरच्या वर तो कधी हलवत नाही. सिंक्रोनायझर (गती जुळवणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या ट्रान्सफर केसमध्ये मात्र गाडी थांबवून किंवा चालण्याच्या गतीवर आणूनच बदल करावा. हब फ्री असताना चालत्या गाडीत फोर-एच टाकणे ही वेगळी आणि वाईट गोष्ट आहे. तेव्हा पुढचा शाफ्ट स्थिर असतो, त्याला एकदम पूर्ण गतीला आणण्याचा प्रयत्न होतो आणि गिअर करकरतात. त्याचप्रमाणे मागची चाके बर्फावर गरगर फिरत असताना लिव्हर ओढू नये. आधी पाय काढावा, चाके शांत होऊ द्यावीत, मग लिव्हर टाकावा. फोर-एलसाठी ट्रक पूर्ण थांबवून गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आणणे सर्वांत सुरक्षित आहे. हब फ्री असताना फोर-एल टाकले तर वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडतो, हेही ध्यानात असावे.

कडाक्याच्या सकाळी लिव्हर हलायलाच तयार नसतो, कारण ट्रान्सफर केसमधले तेल घट्ट झालेले असते. जोर लावण्याऐवजी टू-एचमध्ये चार-पाच किलोमीटर हळू चालवावे. हब लॉक असल्यामुळे पुढचे डिफरन्शियलही या वेळात तेल घुसळून मोकळे होते. थंड प्रदेशात कायम राहणाऱ्यांनी गिअर ऑइल बदलताना, पुस्तिकेला मान्य असेल तर, ७५डब्ल्यू-९० दर्जाचे सिंथेटिक तेल घालावे. त्यातला फरक पहिल्याच थंड सकाळी कळतो.

फोर-एच किती वेळ ठेवावे याचे उत्तर रस्ता देतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात, म्हणून पुढच्या शाफ्टला अधिक फेरे हवे असतात. पण पार्ट-टाइम ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्टना एकाच गतीने बांधून ठेवते. बर्फावर किंवा सैल खडीवर टायर थोडा घसरून हा फरक भरून काढतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, तेव्हा तोच फरक शाफ्ट, चक्रे आणि हबचे दाते यांच्यात पिळासारखा साठत जातो आणि अनेकदा सर्वांत आधी हबच तुटतो. म्हणून सलग बर्फ किंवा बर्फाचा घट्ट थर असेपर्यंत फोर-एच ठेवावे आणि डांबराचे काळे पट्टे दिसू लागले की टू-एचवर यावे. लिव्हर परत येत नसेल तर तो या साठलेल्या पिळाचाच परिणाम असतो. सरळ रेषेत काही मीटर मागे गेल्यावर तो सुटतो. चार टायरांचे माप आणि झीज सारखी नसेल तर सरळ रस्त्यावरही हा पिळ साठतो, त्यामुळे पुढे नवे आणि मागे गुळगुळीत अशी जोडी फोर-व्हील-ड्राइव्हच्या ट्रकला परवडत नाही.

इथे एक इशारा मनापासून देतो. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी सुटते चांगली, थांबत मात्र अजिबात लवकर नाही. ब्रेक लावल्यावर सगळी भिस्त टायरांवर असते. शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या बहुतेक डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे असतात आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांनाही त्यातून सूट नाही. आमच्या आल्बर्टा प्रांतात तशी सक्ती नसली तरी मी हब लॉक करतो त्याच आठवड्यात टायरही बदलतो. दुसरा इशारा उताराविषयी आहे. ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलमध्ये राहिला तर गिअरबॉक्स पार्कमध्ये असूनही ट्रक घरंगळू शकतो. उतरण्याआधी लिव्हर कुठे आहे ते डोळ्यांनी पाहावे आणि हातब्रेक ओढावा.

गोठलेला हब

कॅल्गरीत चिनूक हा डोंगरांकडून येणारा उबदार वारा सुटला की काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी चढते, रस्त्यांवर पाणी वाहू लागते आणि दुसऱ्या रात्री सगळे पुन्हा गोठते. हबसाठी नुसत्या कडक थंडीपेक्षा ही उघडझाप अधिक वाईट असते, कारण पाणी आत शिरायला आणि गोठायला दोन्ही संधी मिळतात. हब मोसमभर लॉकच ठेवले असतील तर गोठूनही फारसे बिघडत नाही, कारण कडी जुळलेल्या जागीच गोठते. फ्री अवस्थेत गोठलेला हब मात्र ऐन गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरतो.

तशी वेळ आलीच तर गॅस टॉर्चची ज्योत लावू नये. आत ग्रीस आणि रबर असते, शेजारी ब्रेकची नळी आणि टायर असतो. उकळते पाणी ओतले तर ते क्षणभर मदत करते आणि मग तेच आत गोठते. ट्रक गरम गॅरेजमध्ये रात्रभर उभा करता आला तर उत्तम. नाहीतर केस वाळवायच्या ड्रायरने दहा-पंधरा मिनिटे टोपी ऊबदार करावी आणि हलक्या हाताने तबकडी पुढे-मागे फिरवत राहावी. वीज जवळ नसेल तर, रस्ता सुरक्षित असल्यास, काही किलोमीटर टू-एचमध्ये चालवावे. ब्रेकच्या आणि बेअरिंगच्या उष्णतेने पुष्कळदा हब सुटतो. हवा जरा निवळली की तो उघडून, सुकवून, ओ-रिंग बदलावी, कारण एकदा पाणी शिरलेला हब पुढच्या थंडीत पुन्हा गोठणारच.

स्वयंचलित हब असलेल्यांसाठी

निर्वातावर चालणाऱ्या हबमध्ये नळीची किंवा सीलची छोटी गळती झाली तरी हब जुळत नाही आणि थंडीत आखडलेले रबर नेमके गळते. अशा ट्रकच्या मालकांनी हिवाळ्यात तबकड्या ‘ऑटो’वरून ‘लॉक’वर फिरवून ठेवाव्यात, असेच मी सुचवेन. मग बटण फक्त ट्रान्सफर केससाठी उरते आणि ऐनवेळी नळीवर विसंबावे लागत नाही. बटणाची चाचणी दर महिन्याला करून आवाज आणि दिवा पाहत राहावे, म्हणजे ट्रान्सफर केस बदलणारी मोटार आखडत नाही.

जुन्या, तबकडी नसलेल्या स्वयंचलित हबविषयी माझे मत तितकेसे चांगले नाही. ते आतल्या घर्षणाच्या जोरावर जुळतात. ग्रीस घट्ट झाले की हे घर्षण बदलते आणि कधी ते जुळत नाहीत तर कधी सुटत नाहीत. पुढे-मागे होत बर्फातून गाडी काढताना काही हब दिशा बदलल्याबरोबर क्षणभर सुटतात आणि पुन्हा जुळताना धक्का देतात. ते मोकळे करण्यासाठी टू-एच टाकून काही मीटर सरळ मागे जावे लागते. दर हिवाळ्यात बर्फात जाणाऱ्या माणसाने त्यांच्या जागी हाताचे हब बसवून घ्यावेत. बऱ्याच जुन्या ट्रकसाठी तसे संच मिळतात आणि बसवणे ओळखीच्या मेकॅनिकला अर्ध्या दिवसाचे काम आहे. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये आपोआप चालणारा लॉकर (दोन्ही बाजूंच्या शाफ्टना एकत्र बांधणारी यंत्रणा) बसवलेला असेल, तर मात्र हब मोसमभर लॉक ठेवण्याचा वरचा सल्ला लागू होत नाही. निसरड्या रस्त्यावर तो लॉकर टू-एचमध्येही स्टिअरिंगला अडवू शकतो. अशांनी बर्फाचा रस्ता सुरू होण्याआधी हब लॉक करून तो संपला की फ्री करावेत.

वसंतात

शेवटचा बर्फ गेला, रात्रीचे तापमान शून्याच्या वर राहू लागले की आधी लिव्हर टू-एचमध्ये असल्याची खात्री करून घ्यावी, ट्रक दोन-तीन मीटर सरळ मागे घ्यावा आणि मग दोन्ही तबकड्या ‘फ्री’वर आणाव्यात. मागे न जाता तबकडी फिरवली तर दात्यांवरच्या दाबाने ती अर्ध्यावरच अडते आणि माणूस नकळत पक्कड शोधू लागतो. त्यानंतर पुढची चाके पाण्याच्या मध्यम धारेने धुऊन मीठ काढावे. प्रेशर वॉशरचे तोंड थेट तबकडीवर रोखू नये, कारण ओ-रिंग त्या दाबासाठी बनवलेली नसते. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून टू-एचमध्ये पंधरा-वीस किलोमीटर चालवावे. त्याने पुढच्या डिफरन्शियलमधले तेल वरच्या चक्रांपर्यंत आणि सीलपर्यंत पोहोचते आणि कडीही आपल्या जागेत सरकती राहते. मी हे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, बाजाराला जाताना करतो.